रेपो अर्धा टक्का उतरला म्हणे. आमच्या सोसायटीत कुठं दिसते?

धुऱ्यावरून
७ जून २०२५, सकाळी ६.४०

उद्या मृग लागते. काल सोसायटीत गटसचिवाजवळ बसलो होतो, तेवढ्यात मोबाइलवर बातमी आली की रिझर्व्ह बँकेने रेपो सहावरून साडेपाचवर आणला. फेब्रुवारीपासून तिसरी कपात, सगळी मिळून एक टक्का. सचिवाला म्हटलं, भाऊ, आता आमचं व्याज किती? तो हसला. म्हणे, "सात होतं, सात आहे, पुढच्या सालीही सातच."

माझ्या डोक्यावर तीन कर्जं आहेत. सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरवर एका फायनान्स कंपनीचं, आणि बायकोची पोत ठेवून घेतलेलं सोनेतारण. तिन्हीतलं एकही रात्रीतून उतरलं नाही. मग हा अर्धा टक्का उतरला तरी कोणाचा?

आमच्याकडे कालव्याच्या टेलवाल्याला पाणी येत नाही, वरचेच मोटरी लावून ओढतात. पैशाचंही तसंच आहे काय? आणि मुळात धरण कुठं आहे? नागपुरात रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोरून शंभरदा गेलो असेन. लहानपणी वाटे, आत नोटाच छापतात. कोणी धड सांगेल काय? पुस्तकातली व्याख्या नका टाकू, ती गूगलवरही सापडते.


अभ्यासिका
७ जून, सकाळी ९.१५

दादा, सोपं आहे. रेपो म्हणजे ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या मुदतीसाठी कर्ज देते तो दर. बँकेकडे १०० रुपये ठेव आली की त्यातले सीआरआर म्हणून काही रिझर्व्ह बँकेत ठेवायचे आणि उरलेले कर्जाऊ द्यायचे. ते पुन्हा कुठल्यातरी बँकेत ठेव म्हणून येतात, त्यातून पुन्हा कर्ज. याला पैशाचा गुणक म्हणतात. काल सीआरआरही ४ वरून ३ टक्के करायचं जाहीर झालं, सप्टेंबर ते नोव्हेंबर चार हप्त्यांत. म्हणजे गुणक २५ चा ३३ झाला. पैसा वाढणार, व्याज उतरणार. परीक्षेत हमखास येतं.


रोखठोक बाप्पा
७ जून, सकाळी ९.५२

एवढा गुणक-फिनक कायले पाहिजे बे. नोटा छापाची मशीन सरकारचीच हाये ना? मंग दोन दिवस जास्त चालवा आन सातबारा कोरा करून टाका. कास्तकाराच्या टायमाले कागद संपते, मोठ्याइच्या टायमाले संपत नाई.


रुईगाठ
७ जून, सकाळी ११.०५

धुरेभाऊ, तो अर्धा टक्का माझ्याकडे आला. खोटं कायले बोलू. हिंगणघाटला जिनिंग आहे आपलं, छोटंसं. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज, रेपोला बांधलेली आहे. फेब्रुवारीत पाव, एप्रिलात पाव, आता हा अर्धा लागेल. सीझनमध्ये लिमिट फुल असते तेव्हा एक टक्का म्हणजे एका हमालाचा वर्षाचा पगार निघते. टेलची गोष्ट बरोबर आहे तुमची, मी वरच्या मोटरवाल्यांत बसतो.


जुना कॅशियर
७ जून, दुपारी २.३०

मी अमरावती जिल्ह्यात करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा ठेवायची तिजोरी, असलेल्या शाखेत बावीस वर्षं काढली. शेवटची नऊ वर्षं चेस्टची एक चावी माझ्याकडे असे. धुरेभाऊंचा कालव्याचा दाखला छान आहे, पण त्यानेच घोळ होतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी नोटांचं. नागपूरच्या इमारतीत नोटा छापत नाहीत. छापखाने चार, नाशिक, देवास, म्हैसूर आणि बंगालात सालबोनी. नागपुरात इश्यू ऑफिस आहे, म्हणजे नोटा बाहेर सोडायचं आणि परत घ्यायचं ठिकाण. तिथून बंदोबस्तात गाडी आमच्या चेस्टला यायची. पेट्या उतरवायच्या, दोघांनी मिळून कुलपं लावायची.

आता मजा बघा. त्या खोलीत छतापर्यंत नोटा रचलेल्या असत, पण तो पैसा नव्हता. चेस्टमधली नोट रिझर्व्ह बँकेची. बँकेचं त्यावर काही नाही, तुमचं तर नाहीच. आम्ही सकाळी त्यातून पन्नास लाख काढून काउंटरला आणले की त्याच क्षणी आमच्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून पन्नास लाख वजा. संध्याकाळी वीस लाख परत आत टाकले की तेवढे जमा. रोज आकडा कळवायचा. उंबरठ्याच्या आत छापील कागद, बाहेर पैसा. नवीन शिपायाला हे समजावता समजावता माझे केस पांढरे झाले.

आणि काढायचो किती, ते कापूस ठरवायचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चेस्ट रोज रिकामी होत जायची. खेडा खरेदीचे व्यापारी, जिनिंगवाले, चुकारे रोखीत. मार्चनंतर नोटा परत यायला लागत. त्याही कशा? घामाने ओल्या, सरकीचा वास असलेल्या, मधूनच एखादी रुईची तार अडकलेली. रिझर्व्ह बँकेच्या जुन्या पतधोरणात 'बिझी सीझन' आणि 'स्लॅक सीझन' हे शब्दच असत, ऑक्टोबर ते एप्रिल आणि तिथून पुढे. पुस्तकवाल्यांना ते नुसते शब्द. आम्हाला तो पऱ्हाटीचा वेचा होता.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. त्याआधी हंगामात नोटांची टंचाई पडे, प्रेसिडेन्सी बँकांचे दर हिवाळ्यात सात-आठ टक्क्यांवर चढत आणि पावसाळ्यात उतरत. पीक तेच, देश तोच, पण नोटा हंगामाबरोबर वाढायला-आटायला तयार नाहीत. अमेरिकेतही पीक निघायच्या दिवसांत असाच चटका बसे. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या १९१३ च्या कायद्यात 'लवचीक चलन' हा हेतू सुरुवातीलाच लिहिला आहे. मध्यवर्ती बँक कशाला हवी याचं निम्मं उत्तर आपल्या वऱ्हाडच्या कापसातच सापडतं. आपले चिंतामणराव देशमुख, पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते ४९, त्याआधी आयसीएस म्हणून याच मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरीला होते.

गुणकाचं संध्याकाळी लिहितो. तिथे अभ्यासिकेशी थोडं भांडायचं आहे.


निंबाची काडी
७ जून, दुपारी ४.१०

काका, वास आला नोटांचा वाचताना.

पण माझा प्रश्न राहिलाच. आमच्या बचतगटाला बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी मिळते. त्याच गल्लीत एक मायक्रोफायनान्सवाली कंपनी दर बुधवारी अंगणात खुर्ची टाकून बसते, तिचं चोवीस टक्के. रेपो चारवर होता तेव्हाही चोवीस, साडेसहावर गेला तेव्हाही चोवीस. हे कोणत्या मोटरीवर चालते?


जुना कॅशियर
७ जून, रात्री ८.४५

अभ्यासिका, राग मानू नका. ठेव आधी येते आणि मग तिच्यातून कर्ज जातं, हे तुमचं वाक्य मी कामावर होतो तोवर मलाही खरंच वाटे. धुरेभाऊ, तुम्ही मार्चमध्ये नवं-जुनं केलं का?


धुऱ्यावरून
७ जून, रात्री ९.०२

केलं ना काका. न करून सांगता कोणाला. १ लाख २० हजारांचं होतं. कापसाचा पैसा तर फवारणीतच गेला होता. ओळखीच्या कृषी केंद्रवाल्याकडून आठ दिवसांसाठी उचल घेतली, शेकडा दोन लावले त्याने. २८ तारखेला भरले, पावती घेतली. गावातले बरेच जण माफी येईल म्हणून भरायचे थांबले, मी नाही थांबलो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवीन मंजूर झालं, उचललं, त्याचं त्याला परत. मधल्या मधे दोन हजार चारशे त्याचे झाले.


जुना कॅशियर
७ जून, रात्री ९.५०

आता या आठ दिवसांत पैसा कुठून कुठे गेला ते बघू. सोय म्हणून तुमची सोसायटी आणि तिच्यामागची बँक एकच धरतो.

२८ मार्चला तुम्ही १ लाख २० हजार काउंटरवर ठेवले. बँकेच्या वहीत तुमच्या नावावरचं येणं मिटलं. ते पैसे कोणा दुसऱ्याच्या खात्यात गेले का? नाही. लोकांच्या हातातल्या नोटा तेवढ्या कमी झाल्या, बदल्यात कोणाची ठेव वाढली नाही. म्हणजे देशातला, लोकांजवळचा पैसा १ लाख २० हजारांनी घटला. विझला म्हणा.

एप्रिलमध्ये बँकेने नवं कर्ज मंजूर केलं. तेव्हा बाबूने काय केलं? तुमच्या कर्जखात्यात १ लाख २० हजार नावे टाकले, बचत खात्यात तेवढेच जमा केले. कोण्या ठेवीदाराच्या खात्यातून उचलले का? कोणाच्याही नाही. दोन नोंदी, आणि जो पैसा सकाळी नव्हता तो दुपारी होता. देशातला बहुतेक पैसा असाच, कर्ज देताना जन्मतो आणि कर्ज फिटताना विझतो. नोटा सगळ्या मिळून ३७ लाख कोटींच्या आसपास. ठेवी धरून मोजतात तो पैसा अडीचशे लाख कोटींच्या वर आहे. छापखान्याचा वाटा एवढुसा.

म्हणून धरण-कालवा जमत नाही. धरणात आधी पाणी साठतं, मग सुटतं. इथे पाणी टेललाच तयार होतं, तुमच्या अंगठ्याच्या ठशाशी.


रोखठोक बाप्पा
७ जून, रात्री १०.०५

म्हंजे बँका हवेतून पैसा काढते आन आमच्याकडून सात टक्के घेते? मी सकाळी तेच सांगत व्हतो.


अभ्यासिका
७ जून, रात्री १०.२०

मग बँकेला थांबवतं कोण? अशाने ती कितीही कर्ज देईल.


जुना कॅशियर
८ जून, सकाळी ७.१०

हा खरा प्रश्न. रात्री डोळा लागला म्हणून आता लिहितो.

धुरेभाऊ ते पैसे खात्यात शोभेला ठेवत नाहीत. बियाणंवाल्याला देतात, त्याचं खातं दुसऱ्या बँकेत. आता पहिल्या बँकेने दुसरीला पैसे द्यायचे ते कशाने? स्वतः निर्माण केलेला आकडा दुसरी बँक घेत नाही. तिथे रिझर्व्ह बँकेतल्या खात्यावरचाच पैसा चालतो, आणि तो निर्माण करायचा हक्क एकट्या रिझर्व्ह बँकेचा. रोज संध्याकाळी सगळ्या बँकांचा हिशेब तिथे मिटतो. ज्याला कमी पडले त्याने रोखे गहाण ठेवून एका रात्रीसाठी किंवा थोड्या दिवसांसाठी उचल घ्यायची, तिचा दर रेपो. ज्याचे उरले त्याने ठेवायचे, त्यावर पाव टक्का कमी मिळतं, सध्या सव्वापाच. फारच निकड असेल तर पावणेसहा. या सव्वापाच ते पावणेसहाच्या पट्ट्यात बँकांची एकमेकांतली उधारी राहावी यासाठी सगळा खटाटोप. पैसा फार झाला तर रिझर्व्ह बँक ओढून घेते, कमी पडला तर सरकारी रोखे किंवा डॉलर विकत घेऊन सोडते. सीआरआर एक टक्क्याने उतरवून ती अडीच लाख कोटी मोकळे करणार आहे. पण अभ्यासिका, ते तेहतीसने गुणले जाणार नाहीत. बँकेला परतफेड करणारा ऋणको दिसला, स्वतःचं भांडवल पुरेसं असलं, तरच ती कर्ज देते. दोरी ढिली करता येते, बैलाला ढकलता येत नाही.

बाप्पा, तुमच्यासाठी वेगळं. सोनं जेवढं तेवढ्याच नोटा, असं गावोगावी सांगतात, ते चूक. कायद्याने रिझर्व्ह बँकेला किमान २०० कोटींचा साठा ठेवावा लागतो, त्यातलं ११५ कोटींचं सोनं. आजच्या भावाने ते सव्वाशे किलोच्या आत बसतं, छोट्या हत्तीत टाकून घेऊन जाल. (प्रत्यक्षात तिच्याकडे ८८० टनांच्या आसपास आहे, त्यातलं ५१० टनांहून जास्त देशातच, मुंबईला आणि आपल्या नागपुरात.) म्हणजे छापायला सोन्याची आडकाठी नाही. पूर्वी सरकारला तूट पडली की रिझर्व्ह बँकेकडून तात्पुरत्या हुंड्यांवर हवे तेवढे घेता येत, ते १९९७ ला बंद झालं. सरकारचे नवे रोखे थेट तिने घ्यायचे, तेही २००६ पासून बंद. छापून सातबारे कोरे केले तर पुढच्या हंगामात हमाली, डिझेल, डीएपी काय भावाने घ्याल त्याचा हिशेब करा. आणि वाढलेला भाव सगळ्यात आधी कोणाच्या मालाला मिळेल, तुमच्या की कंपनीच्या?


रोखठोक बाप्पा
८ जून, सकाळी ८.००

कंपनीच्या. हे तं मले मान्य हाये. पन २०१६ मधी रात्री आठ वाजता पाचशे-हजार बंद कराले कोनता हिशेब केल्ता? जिल्हा बँकेत नोटा घेनं आठच दिवसात बंद. माया सोयाबीनचा चुकारा घरात, आन खातं जिल्हा बँकेत.


निंबाची काडी
८ जून, सकाळी ८.२५

१४ नोव्हेंबर. तारीख पाठ आहे. माझ्या नणंदेचं लग्न होतं त्या महिन्यात.


जुना कॅशियर
८ जून, सकाळी ९.००

त्यावर मी भांडणार नाही. साडेपंधरा लाख कोटींच्या आसपास बंद केल्या, ९९ टक्क्यांहून जास्त परत आल्या. त्या पन्नास दिवसांत मी काउंटरमागे होतो. एक म्हातारी पदरात बांधलेल्या चार नोटा तीन दिवस घेऊन आली, तिसऱ्या दिवशी नंबर लागला. त्याबद्दल लिहायला बसलो तर हा धागा दुसरीकडेच जाईल.

मूळ प्रश्नाकडे येतो. अर्धा टक्का तुमच्याकडे का आला नाही.

पीककर्ज तीन लाखांपर्यंत सात टक्के, हा दर केंद्र सरकारच्या योजनेचा. बँकेला सरकार दीड टक्का देतं, वेळेवर भरलं की तुम्हाला तीन टक्के सूट, वर राज्याची पंजाबराव देशमुखांच्या नावाची सवलत. म्हणजे वेळेत भरणाऱ्याला जवळपास शून्य. रेपो आठ होवो की चार, हा आकडा जागचा हलत नाही. वाढतानाही हलला नाही, हे विसरू नका. २०२२-२३ मध्ये रेपो चारवरून साडेसहावर गेला तेव्हा तुम्ही सातवरच होता.

रुईगाठ यांचं कर्ज छोट्या उद्योगात येतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घरकर्ज, वैयक्तिक कर्ज आणि छोट्या उद्योगांची बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधणं सक्तीचं आहे. शेतीच्या कर्जाला ती सक्ती नाही. फायनान्स कंपन्यांना तर मुळीच नाही. ताई, तुमच्या बुधवारच्या खुर्चीवरही २०२२ पासून व्याजाची वरची मर्यादा राहिली नाही. सावकारी छापाचं व्याज नको, एवढं नियमात लिहिलं आहे.


धुऱ्यावरून
८ जून, दुपारी १२.४०

म्हणजे टेलपर्यंत नालीच खोदलेली नाही. धरण असो की नसो.

एक गोष्ट मात्र खटकून राहिली. रेपो उतरवला कायच्या भरवशावर? महागाई कमी झाली म्हणून. एप्रिलची ३.१६ टक्के होती म्हणे. ती कमी कशी झाली? माझी तूर ७,५५० च्या हमीभावाखाली गेली, सोयाबीन ४,८९२ च्या कितीतरी खाली. माझ्याच मालाचा भाव पाडून रुईगाठभाऊंचं व्याज उतरलं काय?


रुईगाठ
८ जून, दुपारी १.१५

मी नाही पाडला बाप्पा. कापसाचा भाव सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) अन् न्यूयॉर्कचा वायदा ठरवते, मी त्यात रुईचा बोंड.


अभ्यासिका
८ जून, दुपारी १.३०

सोयाबीनचं बरोबर नाही दादा. सोयाबीनचा दाणा कोणी शिजवून खात नाही, महागाईच्या टोपलीत त्याचं तेल येतं आणि खाद्यतेल तर एप्रिलमध्ये महागच होतं. उतरल्या त्या डाळी आणि भाजीपाला. तुरीचं तुमचं बरोबर आहे. बिनशुल्क आयात मार्च २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. टोपलीत खाण्यापिण्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे तूर पडली की आकडा उतरतो.


जुना कॅशियर
८ जून, दुपारी ३.२०

हे अभ्यासिकेने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

धुरेभाऊ, तुमचा आरोप निम्मा खरा आहे. आयात रिझर्व्ह बँक ठरवत नाही, सरकार ठरवतं. पण २०१६ पासून कायद्याने सहा जणांच्या समितीला काम दिलं आहे ते एवढंच की किरकोळ महागाई चार टक्के ठेवा, दोन इकडे-तिकडे चालेल. सलग तीन तिमाही पट्ट्याबाहेर गेली तर सरकारला पत्र लिहून कारण द्या. २०२२ मध्ये सहाच्या वर राहिली तेव्हा लिहावं लागलं. वाढीचंही भान ठेवा असं त्यात आहे. पण तूर कोणी पिकवली आणि त्याला काय उरलं, हे त्या समितीच्या कागदावर कुठल्याच रकान्यात नसतं. टोपली विकत घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नाही.

गंमत म्हणजे १९३४ च्या मूळ कायद्यातच रिझर्व्ह बँकेला शेतीकर्जाचा वेगळा विभाग काढायला लावला होता. १९८२ मध्ये ते काम नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या वेगळ्या बँकेकडे गेलं. माझ्या मते तेव्हापासून तुमचा खेड्याचा आवाज त्या इमारतीत एक मजला खाली गेला. हे माझं मत, कुठे छापून आलेलं नाही.

कामाची गोष्ट. ट्रॅक्टरच्या मंजुरीपत्रात 'स्थिर' लिहिलंय की 'बदलता', ते बघा. सोनेतारण मुदत संपताना सोडवून बँकेत हलवता येईल, शेतीच्या नावाखाली. विचारून पहा.


धुऱ्यावरून
११ जून, रात्री ८.१५

कागद शोधायला दोन दिवस गेले, पंपाच्या बिलांत होता. 'स्थिर १४.५०'. एकोणीस हप्ते बाकी. पोतीचं बायको उद्या बँकेत विचारून येते.

पाऊस अजून नाही. जमीन धूळ आहे. शेजाऱ्याने धूळपेरणी केली, मी थांबलो.


निंबाची काडी
१२ जून, सकाळी १०.३०

कॅशियर काका, एक विचारायचं राहिलं. काल सासूबाईंनी तुरीची कोठी रिकामी केली, तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या दोन हजाराच्या तीन नोटा. त्यांना आठवतच नाही कधीच्या. आता हा कागद की पैसा?


जुना कॅशियर
१२ जून, सकाळी ११.००

पैसा. मे २०२३ मध्ये परत मागवल्या, पण वैधता काढलेली नाही. आमच्यासारख्या शाखेत मात्र घेणार नाहीत. नागपूरला रिझर्व्ह बँकेत, संविधान चौकात, ओळखपत्र आणि पासबुक घेऊन जा, खात्यात जमा करतात. जायचं नसेल तर पोस्टानेही पाठवता येतात.


निंबाची काडी
१२ जून, सकाळी ११.०८

पोस्टाने नाही. सासूबाई म्हणतात, मी स्वतः देईन त्याच्या हातात. सोमवारी डोळे दाखवायला जायचंच आहे नागपूरला.